एकच रेसिपी, दोन उत्तरं : मेंदूतली पेशी बघायला शिकलेला काहाल

मागच्या महिन्यात मी मोबाईलच्या कॅमेऱ्यावर लावायची क्लिपवाली मॅक्रो लेन्स मागवली. पहिल्या दिवशी मिठाचे कण, मुंगीचा पाय, शर्टाचा धागा, बोटाचे ठसे असं हाताला लागेल ते बघून झालं. दुसऱ्या दिवशी कांद्याचा पापुद्रा बघायला गेलो, तर नुसता पांढरट धुरकट पडदा. पेशी वगैरे काही नाही. तिसऱ्या दिवशी लेन्स ड्रॉवरमध्ये गेली आणि मी तिच्यापेक्षा महागड्या लेन्सचे रिव्ह्यू बघत बसलो.

रिव्ह्यू बघता बघता मला सान्तियागो रामोन इ काहाल हा माणूस आठवला आणि जरा ओशाळल्यासारखं झालं. स्पेनचा हा डॉक्टर. मेंदू हा वेगवेगळ्या सुट्या पेशींचा बनलेला असतो, हे त्याने दाखवून दिलं. त्यासाठी त्याने नवीन यंत्र शोधलं नाही. रंग द्यायची पद्धतही दुसऱ्याचीच होती, आणि ती चौदा वर्षं सगळ्यांसमोर पडून होती. तो ती शिकला. फक्त नीट शिकला. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

आधी अडचण समजून घेऊ

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात चेतापेशीची आकृती असते, ती आठवते? मध्ये गोल पेशीकाया, एका बाजूला झाडाच्या फांद्यांसारख्या वृक्षिका आणि दुसऱ्या बाजूला लांब शेपटीसारखा अक्षतंतू. परीक्षेत नावं द्या म्हणून येते आणि आपण तीन मार्क घेऊन मोकळे होतो.

पण १८७० च्या आसपास ही आकृती अशी पूर्ण आणि खात्रीने कुणालाच काढता येत नव्हती. मायक्रोस्कोप चांगले झाले होते. अडचण वेगळीच होती. ताजा मेंदू चक्क्यासारखा मऊ, त्याचा पातळ काप निघत नाही. तो रसायनात कडक करून काप काढला तरी तो जवळजवळ रंगहीन, म्हणजे भिंगाखाली काही दिसत नाही. बरं, रंग दिला तर सगळंच रंगतं. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि प्रत्येकीच्या फांद्या दुसरीच्या फांद्यांत घुसलेल्या. करवंदाची जाळी डोळ्यासमोर आणा. त्यातली एक फांदी बोटाने धरून ती कुठून निघाली आणि कुठे संपली, हे सांगायचं. जमेल?

त्यामुळे त्या काळी बऱ्याच शास्त्रज्ञांचं मत असं होतं, की या फांद्या कुठे संपतच नाहीत. सगळ्या एकमेकींत मिसळून एकच अखंड जाळं बनतं. गावभर जोडलेल्या नळाच्या पाइपलाइनसारखं. उलट बाजूचे लोकही होते. स्वित्झर्लंडचा फोरेल आणि जर्मनीत काम करणारा हिस यांनी १८८७ च्या सुमारास पेशी सुट्या असाव्यात असं मांडलं होतं. पण नीट दाखवता कुणालाच येत नव्हतं.

गॉल्जीची काळी जादू

१८७३ साली इटलीच्या कामिल्लो गॉल्जीने एक रेसिपी छापली. तो तेव्हा मिलानजवळच्या एका छोट्या गावात असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात डॉक्टर होता आणि तिथल्या स्वयंपाकघरात त्याने आपली प्रयोगशाळा थाटली होती.

रेसिपी ऐकायला सोपी आहे. मेंदूचा छोटा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात काही दिवस ठेवायचा. तो कडक होतो. मग तोच तुकडा सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात एक-दोन दिवस. दोन्ही रसायनांची गाठ पडली की सिल्व्हर क्रोमेटचा गडद साका तयार होतो आणि तो काही पेशींच्या आत भरतो. पेशी काळीभोर होते, मागची बाजू पिवळसर राहते.

गंमत ‘काही पेशी’ या दोन शब्दांत आहे. शंभरातल्या फार तर दोन-पाच पेशी रंगतात. पण ज्या रंगतात त्या मुळापासून शेंड्यापर्यंत पूर्ण. बाकीच्या पारदर्शकच राहतात. जंगलातली शंभर झाडं गायब करून एकच झाड उभं ठेवावं तसं. नेमक्या त्याच पेशी का रंगतात, याचं समाधानकारक उत्तर आजही मिळालेलं नाही.

इतकी भारी पद्धत, मग लोकांनी उचलली का नाही? कारण ती लहरी होती. कधी सुंदर रंगायची, कधी नुसते काळे डाग पडायचे, कधी काहीच नाही. दोन-चारदा करून लोक सोडून द्यायचे. आणि गॉल्जीला स्वतःला तिच्यातून काय दिसलं? अखंड जाळं. ते तो शेवटपर्यंत मानत राहिला.

उनाड पोरगा, कडक बाप

आता आपला माणूस. काहालचा जन्म १ मे १८५२ चा, स्पेनच्या उत्तरेकडच्या पेतिया दे आरागोन नावाच्या डोंगरातल्या खेड्यात. वडील हुस्तो रामोन हे गरिबीतून वर आलेले, न्हाव्याकडे उमेदवारी करता करता शस्त्रक्रिया शिकलेले आणि पुढे रीतसर डॉक्टर झालेले. पोरगाही डॉक्टर व्हावा ही त्यांची इच्छा. पोराला मात्र चित्रकार व्हायचं होतं. कागद, भिंत, पुस्तकाची कोरी जागा, दिसेल तिथे चित्र काढायचा. वडिलांना ते रिकामटेकडं काम वाटायचं.

वर हा पोरगा उनाड. अकरा वर्षांचा असताना त्याने लाकडाच्या ओंडक्याची तोफ बनवून शेजाऱ्याच्या बागेचं फाटक उडवलं आणि त्याबद्दल काही दिवस गावच्या कोठडीत काढले. शाळेत मन लागेना म्हणून वडिलांनी त्याला आधी न्हाव्याकडे आणि मग चांभाराकडे कामाला लावलं. चांभारकामात त्याचा हात चांगला बसला. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे त्याचं सगळं काम हातांवरच उभं राहिलं.

मग वडिलांना एक युक्ती सुचली. १८६८ च्या उन्हाळ्यात बापलेक दोघं एका जुन्या स्मशानात गेले, तिथून हाडं आणली आणि वडिलांनी त्या हाडांवर मुलाला शरीररचना शिकवायला सुरुवात केली. मुलाला पहिल्यांदा वैद्यकशास्त्रात काढण्यासारखं काहीतरी सापडलं. हाड हातात घ्यायचं, फिरवून बघायचं, कागदावर उतरवायचं. चित्रकला बंद झाली नाही, तिला विषय मिळाला. १८७३ साली, म्हणजे गॉल्जीने रेसिपी छापली त्याच वर्षी, काहाल सारागोसाहून डॉक्टर होऊन बाहेर पडला.

पगारातून मायक्रोस्कोप

पुढच्या वर्षी सैन्यातला डॉक्टर म्हणून त्याला क्युबाला पाठवलं. तिथे बंड चालू होतं आणि बंडापेक्षा जास्त माणसं रोगराईने मरत होती. काहाललाही मलेरिया झाला. १८७५ मध्ये तो अगदी खंगून परत आला.

१८७७ मध्ये डॉक्टरेटच्या परीक्षेसाठी माद्रिदला गेला असताना त्याने एका प्राध्यापकाकडे मायक्रोस्कोपखालच्या स्लाइड पाहिल्या आणि वेडा झाला. क्युबातल्या पगारातून वाचलेल्या पैशांत त्याने फ्रेंच बनावटीचा एक मायक्रोस्कोप हप्त्यांवर घेतला. हो, हप्त्यांवर. आपण फोन घेतो तसाच. घराच्या माळ्यावर प्रयोगशाळा मांडली. शिकवायला कुणी नाही, पुस्तकं मिळतील तेवढी. रक्ताच्या पेशी, बेडकाचे स्नायू, मिळेल ते बघत सुटला.

१८७८ मध्ये क्षयाने गाठलं, तोंडातून रक्त पडलं. डोंगरातल्या हवेत विश्रांतीला गेला, तेव्हा सोबत कॅमेरा होता. फोटोग्राफीचा नाद त्याला कुमारवयापासून. हा नाद नुसता नाद राहिला नाही. बाजारात मिळणाऱ्या काचा मंद होत्या म्हणून त्याने घरीच सिल्व्हर ब्रोमाइड आणि जिलेटिनच्या जलद काचा बनवायला सुरुवात केली. १८७९ मध्ये त्याचं सिल्वेरियाशी लग्न झालं आणि या काचा बनवण्यात तीही हाताशी असायची. पुढे १९१२ मध्ये त्याने रंगीत फोटोग्राफीवर अख्खं पुस्तक लिहिलं.

हे लक्षात ठेवा, कारण जुन्या फोटोग्राफीचा जीव चांदीच्या क्षारांत होता आणि गॉल्जीच्या रेसिपीचाही. काहालच्या समोर ती रेसिपी आली तेव्हा सिल्व्हर नायट्रेट त्याच्यासाठी परकं नव्हतं. द्रावण किती जुनं चालतं, काच मळकी असली तर काय होतं, उजेड कुठे नडतो, या गोष्टी त्याच्या बोटांना माहीत होत्या.

१८८४ च्या सुरुवातीला तो वालेन्सियाला शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक म्हणून रुजू झाला. पुढच्याच वर्षी तिथे कॉलऱ्याची साथ आली. सारागोसाच्या प्रांतिक मंडळाने त्याला साथीचा अभ्यास करायला सांगितलं. त्याने इतकं मन लावून काम केलं की मंडळाने त्याला जर्मनीच्या झाइस कंपनीचा उत्तम मायक्रोस्कोप भेट दिला. तेव्हा जगातल्या भल्या भल्या प्रयोगशाळांत जो होता, तो आता त्याच्या टेबलावर आला. पण मेंदूचं कोडं त्याने सुटलं का? नाही. तोवर त्याने गॉल्जीची स्लाइड पाहिलीच नव्हती.

माद्रिदमधली ती स्लाइड

१८८७ मध्ये परीक्षक म्हणून काहाल माद्रिदला गेला. तिथे लुईस सिमार्रो नावाचा मनोविकारतज्ज्ञ होता. तो पॅरिसला शिकून आला होता आणि तिकडच्या नव्या पद्धती घरी करून बघायचा. त्याने काहालला गॉल्जीच्या पद्धतीने रंगवलेली स्लाइड दाखवली.

पिवळ्या पडद्यावर काळ्या शाईने काढल्यासारखी अख्खी चेतापेशी. ज्याचं लहानपण चित्र काढण्यात गेलं त्याला ते बघून काय वाटलं असेल, याची कल्पना करा. सिमार्रो स्वतः या पद्धतीच्या लहरीपणाला कंटाळला होता. काहाल मात्र परत गेला तो हीच पद्धत ताब्यात आणायची असं ठरवून. त्याच वर्षी त्याची बदली बार्सिलोनाला झाली आणि तिथे त्याने कामाला जोर लावला.

इथे थोडं थांबू, कारण गोष्टीचा गाभा इथे आहे. काहालने नेमकं काय बदललं?

पहिली गोष्ट, रंग पुन्हा दिला. एकदा डायक्रोमेट आणि चांदीत बुडवून समाधान न मानता तोच तुकडा पुन्हा दोन्हींत बुडवला. त्यामुळे रंग जास्त भरवशाने चढू लागला.

दुसरी गोष्ट, काप जाड ठेवले. पातळ काप केला की फांद्या कापल्या जातात आणि कोण कुठे गेलं ते समजत नाही. एवीतेवी थोड्याच पेशी रंगणार, तर जाड कापातही गर्दी होत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. त्याने वेगळा मेंदू घेतला. मोठ्या प्राण्यांत अनेक अक्षतंतूंवर मायलिन नावाचं चरबीचं आवरण असतं, वायरवर प्लास्टिक असतं तसं. त्या आवरणातून चांदीचा रंग नीट चढत नाही, म्हणून अक्षतंतू अर्ध्यात गायब होतो आणि तो जाळ्यात मिसळला असं वाटतं. काहालने अंड्यातल्या पिल्लांचे आणि नुकत्याच जन्मलेल्या प्राण्यांचे मेंदू घेतले. तिथे आवरण अजून तयार झालेलं नसतं, फांद्याही कमी आणि आखूड असतात. पूर्ण वाढलेल्या जंगलात शिरण्याऐवजी त्याने रोपवाटिका गाठली.

यातली एकही गोष्ट विकत मिळणारी नव्हती. पद्धत कुठे फसते ते परत परत करून बघितल्यावरच ती कळते.

१८८८ : उत्तर दिसलं

पक्ष्यांच्या लहान मेंदूचे काप बघताना काहालला दिसलं, की काही पेशींचे अक्षतंतू दुसऱ्या मोठ्या पेशींभोवती टोपलीसारखे गुंडाळले जातात. अगदी जवळ जातात, अंगाला लागतात, आणि तिथेच संपतात. आत मिसळत नाहीत. एका स्लाइडमध्ये नाही, पुन्हा पुन्हा तेच. मग डोळ्याचा पडदा बघितला, मेरुरज्जू बघितला, नाकाकडून येणारे तंतू बघितले. सगळीकडे तीच गोष्ट. पाइपलाइन नाहीच, सुट्या सुट्या पेशी आहेत आणि त्या एकमेकींना टेकून निरोप देतात.

वृक्षिकांवर बारीक काटे असतात, हेही त्याला याच काळात दिसलं. इतरांनी ते रंगाचा दोष म्हणून सोडून दिलं होतं. काहालने ते खरे आहेत असं मानलं आणि चित्रात काढले. आज शिकणं आणि आठवणी यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ याच काट्यांच्या मागे असतात.

पुढे त्याने आणखी एक अंदाज बांधला. निरोप वृक्षिकांकडून आत येतो आणि अक्षतंतूकडून बाहेर जातो, एकाच दिशेने. मेलेल्या, रंगवलेल्या पेशींच्या नुसत्या मांडणीवरून त्याने हे ताडलं आणि चित्रांत छोटे बाण काढले. साधारणपणे तो बरोबर निघाला.

आता तुम्ही विचाराल, इतका फोटोग्राफीवेडा माणूस, मग त्याने फोटो का नाही काढले, चित्रं का काढली? कारण जाड कापात पेशीचा एक भाग वर असतो, एक खाली. कॅमेरा एका वेळी एकाच खोलीवर फोकस होतो, बाकी धूसर. तुमच्या फोनमध्ये मॅक्रो फोटो काढताना फुलाची एक पाकळी स्पष्ट येते आणि दुसरी अंधूक, तसंच. आज यावर फोकस स्टॅकिंग हा उपाय आहे. वेगवेगळ्या खोलीवरचे फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअर त्यांतला स्पष्ट भाग जोडून एक फोटो बनवतं. काहाल हे काम डोळा, स्क्रू आणि पेन्सिलने करायचा. फोकसचा स्क्रू वर-खाली करत पेशी पूर्ण बघायची आणि एका चित्रात उतरवायची. कधी कधी अनेक स्लाइडवरून एकच चित्र. त्याची अशी सुमारे ३,००० चित्रं टिकून आहेत. २०१७ मध्ये त्याच्या आणि त्याच्या शिष्यांच्या संग्रहाला युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत जागा मिळाली.

पण वाचणार कोण?

इथून पुढचा भाग मराठीत शिकलेल्या आपल्यासारख्यांना जरा जवळचा वाटेल. काहालकडे जगातलं सर्वात मोठं उत्तर होतं, पण ते स्पॅनिशमध्ये होतं. विज्ञानाची भाषा तेव्हा जर्मन आणि फ्रेंच होती. स्पेनमधून काही नवं येईल अशी अपेक्षाही कुणाला नव्हती.

त्याने मे १८८८ मध्ये स्वतःच्या खिशातून एक त्रैमासिक काढलं. छापल्या फक्त ६० प्रती, कारण तेवढंच परवडत होतं. बहुतेक प्रती त्याने परदेशातल्या नामांकित शास्त्रज्ञांना पोस्टाने पाठवल्या. घरी मुलंबाळं आणि प्राध्यापकाचा बेताचा पगार, त्यात हा खर्च. प्रतिसाद जवळजवळ शून्य. ज्यांनी अंक उघडला त्यांना भाषा येत नव्हती, ज्यांना आकृत्या समजल्या त्यांचा विश्वास बसत नव्हता.

मग त्याने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे लेख फ्रेंचमध्ये करून पाठवायला लागला. दुसरी म्हणजे पैसे साठवून ऑक्टोबर १८८९ मध्ये बर्लिनला जर्मन शरीररचना शास्त्रज्ञांच्या परिषदेला गेला. सोबत आपला मायक्रोस्कोप आणि उत्तम स्लाइड. त्याची फ्रेंच मोडकीतोडकी. भाषणाने कुणाला पटवणं शक्यच नव्हतं. म्हणून त्याने मायक्रोस्कोप मांडले, स्लाइड लावल्या आणि लोकांना सरळ बघायला बोलावलं.

सुरुवातीला लोक शंकेनेच आले. मग एकेक जण भिंगावर वाकला आणि तिथून हलेना. त्यात अल्बर्ट फॉन कोलिकर होता, त्या क्षेत्रातला सर्वांत वजनदार माणूस, वय ७२. तो स्वतः जाळ्याच्या बाजूचा होता. त्याने स्लाइड पाहिल्या, घरी जाऊन काहालच्या पद्धतीने स्वतः करून बघितल्या आणि आपलं आधीचं मत सोडून दिलं. इतकंच नाही, काहालचे लेख वाचता यावेत म्हणून तो त्या वयात स्पॅनिश शिकला.

१८९१ मध्ये जर्मनीच्या वाल्डेयरने हे सगळे निष्कर्ष एकत्र मांडले आणि या पेशीला न्यूरॉन हे नाव दिलं. १८९७ मध्ये इंग्लंडच्या शेरिंग्टनने दोन न्यूरॉन जिथे भेटतात त्या जागेला सिनॅप्स म्हटलं. आपल्या पुस्तकात ते संपर्कस्थान.

एका मंचावर दोघं

१९०६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल गॉल्जी आणि काहाल या दोघांना मिळून दिलं गेलं. एकाने पद्धत शोधली, दुसऱ्याने तिच्यातून मेंदू दाखवला. स्टॉकहोममध्ये आधी गॉल्जीचं भाषण झालं. त्याने आपला वेळ न्यूरॉनची कल्पना कशी चुकीची आहे हे सांगण्यात घालवला. काहाल समोर बसून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी काहालने आपले पुरावे मांडले.

रसायनं तीच, काळ्या पेशी तशाच आणि बघणारे दोघंही हुशार. तरी एकाला पाइपलाइन दिसली आणि एकाला सुट्या पेशी. निकाल लागायला काहालच्या मृत्यूनंतर वीस वर्षं जावी लागली. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने संपर्कस्थानातली फट प्रत्यक्ष दाखवली. ती साधारण २० नॅनोमीटरची असते, म्हणजे केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाइतकी. काहालच्या भिंगातून ती दिसणं शक्यच नव्हतं. पुढे काही पेशींमध्ये थेट विद्युत जोडही सापडले, म्हणजे गॉल्जी शंभर टक्के चुकला असंही नाही. पण मेंदूचा मुख्य नियम काहालचाच.

काहालही चुकला, बरं का

इथे गोष्ट संपवली तर काहाल देवमाणूस वाटेल. तसा तो नव्हता. १९१३ मध्ये त्याने सोन्याच्या क्षाराची एक नवी पद्धत काढली. तिने चेतापेशींच्या भोवतीच्या ताऱ्यासारख्या मदतनीस पेशी फार सुंदर रंगायच्या. त्यांच्याशिवाय उरलेल्या काही पेशी मात्र बिनफांद्यांच्या बोडक्या दिसायच्या. काहालने त्यांना मेंदूचा तिसरा घटक म्हटलं.

त्याच्याच प्रयोगशाळेत शिकलेल्या पिओ देल रिओ ओर्तेगाने १९१९ च्या सुमारास चांदीची आणखी एक पद्धत वापरून दाखवलं, की या पेशी बोडक्या नाहीत. त्यांनाही फांद्या आहेत, सोन्याचा रंग त्या फांद्यांवर चढत नाही इतकंच. त्यातला एक प्रकार म्हणजे मायक्रोग्लिया, मेंदूचे सफाई कामगार आणि पहारेकरी. काहालने हे मनापासून स्वीकारलं नाही. दोघांचे संबंध बिघडले आणि १९२० मध्ये रिओ ओर्तेगाला प्रयोगशाळा सोडावी लागली.

बघा, गंमत आहे की नाही? गॉल्जीला त्याच्या रंगाने जे दाखवलं तेच त्याने खरं मानलं आणि काहालने ती चूक पकडली. पुढे काहालचाही त्याच्या रंगाने तसाच घात केला. जे रंगत नाही ते नाहीच, असं मानण्याची चूक. काहाल १७ ऑक्टोबर १९३४ ला माद्रिदमध्ये गेला. शेवटपर्यंत काम करत होता.

आज काय बदललं?

आजच्या प्रयोगशाळेत चांदीऐवजी जेलीफिशमधून मिळालेलं, हिरवं चमकणारं प्रथिन वापरतात. त्याचं जनुक हव्या त्या पेशींत घातलं की तेवढ्याच पेशी जिवंतपणी चमकतात. २००७ मध्ये उंदराच्या मेंदूतल्या पेशी डझनावारी वेगवेगळ्या रंगांत रंगवण्याची ब्रेनबो पद्धत आली. कल्पना जुनीच, गर्दीतल्या थोड्यांनाच ओळख द्या. फरक इतकाच की कुणाला रंगवायचं हे आता माणूस ठरवतो.

२०२४ मध्ये फळमाशीच्या पूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात १,३९,२५५ चेतापेशी आणि सुमारे पाच कोटी जोड आहेत. काप यंत्राने काढले, फोटो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने आणि फांद्यांचा माग एआयने काढला. पण एआय चुकतं. कुठे दोन पेशी एक करून टाकतं, कुठे एकीच्या दोन. म्हणजे पुन्हा तोच काहाल आणि गॉल्जीचा प्रश्न, ही फांदी इथे संपते की पुढे जाते? ते तपासायला शेकडो माणसं बसली आणि त्यांत हौशी लोकही होते. आयवायर नावाचा एक ऑनलाइन गेम २०१२ पासून याच कामासाठी आहे. त्यात तुम्ही खरोखरच्या चेतापेशीची फांदी रंगवत पुढे जाता. प्रयोगशाळेचा कोट लागत नाही, इंटरनेट पुरतं.

माझ्या लेन्सचं काय झालं ते सांगून संपवतो. काहालबद्दल वाचल्यावर मी तो कांदा पुन्हा काढला. पापुद्रा दुमडलेला होता, म्हणून पाण्याच्या थेंबात सरळ पसरला. वरून टॉर्च मारत होतो, ती खालून लावली आणि मध्ये पातळ पांढरा कागद ठेवला. पापुद्र्यावर आयोडीनचा एक थेंब टाकून थोडा वेळ थांबलो. तरी लेन्स दोनशे रुपयांचीच आहे, त्यामुळे फार काही भारी आलं नाही. पण यावेळी वीटकामासारख्या पेशींच्या ओळी अंधूक का होईना दिसल्या. आतलं केंद्रक मात्र दिसलं नाही. ते तिथे नाही म्हणून की माझ्या सेटअपमध्ये येत नाही म्हणून, एवढं विचारायला आता मी शिकलोय. महागड्या लेन्सचा टॅब तूर्तास बंद केलाय.